रोज एक नख

निधनवार्तेला आमच्या पानावर चार ओळी मिळतात. नाव, वय, राहण्याचे ठिकाण, मागे कोण कोण आणि अंत्ययात्रा किती वाजता. प्रमिला नंदनवार, बेसा, वय चौसष्ट, असा कागद दुपारी टेबलावर आला तेव्हा त्यात नावापुढे ‘गृहिणी’ असे लिहिलेले होते. तो शब्द त्यांच्या मुलाने दिला होता आणि तो चुकीचा नव्हता, म्हणून मी तसाच जाऊ दिला. पान गेल्यावर वामनराव गजभियेंचा फोन आला. वामनरावही तिथेच, नागपूरलगतच्या बेसाला राहतात, टपाल खात्यातून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर. “ताई गेल्या जी. तुमाले समजलं?” समजले, असे मी सांगितले. मग ते म्हणाले, “भुऱ्याचे नखं वाढून राहिले.”

भुऱ्या हा वामनरावांचा ससा. त्या दिवशी हे वाक्य इतर कोणाला विचित्र वाटले असते. आम्हा दोघांना वाटले नाही, कारण प्रमिलाताई ज्या कामामुळे शे-दीडशे घरांना माहीत होत्या ते काम हेच होते. त्या पाळीव प्राण्यांची नखे कापत. कुत्र्यांची, मांजरांची आणि विशेष करून सशांची.

ताई विणकराच्या घरातल्या. नागपूरच्या जुन्या वस्तीत त्यांच्या वडिलांचे दोन हातमाग होते. लहानपणी कांड्यांवर सूत भरणे आणि तुटलेला धागा सांधणे ही त्यांच्याकडची कामे. धागा तुटायच्या आधी तो तुटणार हे बोटांना कळते, असे त्या सांगत आणि सांगताना बोटे हवेत किंचित हलवून दाखवत. माग बंद पडले, लग्न झाले आणि संसाराला हातभार म्हणून त्यांनी रामदासपेठेत जनावरांच्या एका खासगी दवाखान्यात फरशी पुसण्याचे काम धरले. एके दिवशी मदतनीस आला नव्हता, टेबलावर कुत्रा होता आणि डॉक्टर म्हणाले, बाई, जरा धरता का. त्यांनी धरला. त्यानंतरची वीस वर्षे त्या धरतच राहिल्या. कात्री डॉक्टरांच्या हातात आणि जनावर ताईंच्या हातात, अशी वाटणी होती. पुढे पुढे डॉक्टरांनी नखांची कात्रीही त्यांच्याकडेच दिली. दवाखाना सोडून मुलाच्या नव्या घरी बेसाला राहायला आल्या तेव्हा आजूबाजूच्या फ्लॅटांमधून कुत्री होती, मांजरी होती आणि मुलांच्या हट्टापायी आणलेले ससे होते. सशाची नखे कापावी लागतात हे बहुतेकांना ठाऊकच नव्हते. टाइल्सवर वाढणाऱ्या सशाची नखे झिजत नाहीत. ती वाकतात, चादरीत अडकतात, मुळापासून उखडतात.

रविवारी सकाळी त्यांच्या पूर्वेकडच्या गॅलरीत हे काम चाले. आधी कूलर बंद. मग मिक्सर, टीव्ही, मोबाइल बंद. जमिनीवर जुने सुती लुगडे चौपदरी अंथरलेले असे, कारण गुळगुळीत फरशीवर सशाचा पाय घसरतो आणि तो घाबरतो. ससा मांडीवर, त्याचे बूड ताईंच्या पोटाला टेकलेले, एक तळवा मागच्या पायांखाली. सशाच्या मागच्या पायांत जोर फार आणि पाठीचा कणा नाजूक. हवेत लाथ मारली तर स्वतःच्याच जोराने तो कणा मोडून घेतो. म्हणून पाय कधीही अधांतरी ठेवायचे नाहीत. टॉवेलमधून एका वेळी एकच पंजा बाहेर. पांढऱ्या नखात गुलाबी नस उजेडावर दिसते, काळ्या नखाला मागून छोटी टॉर्च लावावी लागते. नस जिथे संपते तिथून पुढे तांदळाएवढी जागा सोडायची आणि तिथेच कापायचे. शंका आली तर कमी कापायचे. चुकून रक्त आलेच तर बाजूला वाटीत मक्याचे पीठ ठेवलेले असे. ते चिमटीने नखावर दाबून धरायचे आणि रक्त थांबेपर्यंत सोडायचे नाही. मांजराचा पंजा वरून हलका दाबला की नख आपोआप बाहेर येते. कुत्र्याचे आतल्या बाजूचे, जमिनीला न टेकणारे नख लोक विसरतात आणि ते गोल वळून मांसात शिरते. हे सगळे त्या प्रत्येकाला सांगत, न कंटाळता. स्वर मात्र समजावणीचा नसे. मोठ्या कुत्र्याला घेऊन आलेला एक धिप्पाड गृहस्थ डोळे मिटून उभा राहिला तेव्हा ताई म्हणाल्या, “डोये काहून मिटले, भाऊ? तुमचं नख नाई कापून राहिले मी.” संध्याकाळी कोणी आले तर परत पाठवत. तिन्हीसांजेला नखे कापत नाहीत हे घरोघरी माहीत असल्याने कोणी वाद घालत नसे.

सांगण्याची त्यांची एक पद्धत होती. सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्या सर्वांत शेवटी सांगत. माणूस दारातून निघताना ऐकलेले घरापर्यंत नेतो, असा त्यांचा हिशेब. आमच्या धंद्यात नेमके उलटे आहे. महत्त्वाचे वर, किरकोळ खाली, म्हणजे जागा कमी पडली तर मजकूर खालून कापता येतो.

मागच्या दिवाळीनंतर पुरवणीसाठी मी त्यांच्या कामावर मजकूर लिहिला. त्यांनी सांगितले त्याच क्रमाने लिहिला, कारण तो क्रम चांगला वाचला जात होता. शेवटचा परिच्छेद असा होता: ससा उताणा केला की तो एकदम शांत होतो. लोकांना वाटते, झोपला. तो झोपलेला नसतो, भीतीने गोठलेला असतो, आणि शुद्धीवर येताच जिवाच्या आकांताने लाथ मारतो. म्हणून ससा कधीही उताणा करू नका. दुपारी साडेतीनला जाहिरात आली. मजकूर पाच ओळींनी जास्त झाला. मी तो खालून कापला. छापून आले त्याचे शेवटचे वाक्य होते, “ससा उताणा केला की तो एकदम शांत होतो.”

वामनरावांनी ते वाचले. ते मूळचे पारशिवनी तालुक्यातले, गाईबैलांत वाढलेले. पत्नी गेल्यावर मुलगी वंदना त्यांना बेसाला घेऊन आली. ती रामदासपेठेतल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. नात पुण्याला शिकायला गेली आणि तिचा ससा आजोबांकडे राहिला. वंदनाच्या सांगण्याप्रमाणे त्या वर्षी वडील दिवसभरात जे काही बोलत त्यातले निम्मे सशाशी असे. आयुष्यभर पत्रे पोहोचवलेला माणूस, छापलेल्या अक्षरावर त्यांचा विश्वास पक्का होता. त्यांनी कात्रण कापले, खिशात ठेवले, वंदना कामावर गेल्यावर भुऱ्याला पलंगावर उताणा केला. भुऱ्या शांत झाला. चौथे नख कापताच त्याने लाथ मारली. त्यानंतर त्याचे मागचे दोन्ही पाय उचलेनात.

सशाला टोपलीत घालून ते चालत ताईंकडे गेले. लेखात ताईंचे नाव होते, गल्ली विचारत विचारत घर सापडले. पुढचे मला दोघांकडूनही ऐकायला मिळाले आणि दोघांचे सांगणे जुळते. वामनरावांनी कात्रण पुढे केले. “तुमी सांगतलं तसंच केलं जी मी.” ताईंनी कात्रण वाचले, घडी करून परत दिले. पेपराबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. टोपलीत हात घालून त्यांनी सशाच्या मागच्या बोटांना चिमटा काढला. पाय जरासा आखडला. “दुखते त्याले,” त्या म्हणाल्या. “दुखते म्हणजे आशा आहे. रिक्षा बोलवा.”

दवाखान्यात एक्स-रे झाला. कणा मोडलेला नव्हता. सूज होती. वेदनेचे औषध, लहान कुंपणात पूर्ण विश्रांती, काही आठवडे. नंतर चालेल की नाही, हे डॉक्टरांनी सांगितले नाही.

ताईंचा फोन त्याच दिवशी कार्यालयात आला. त्या रागावल्या असतील असे वाटले होते. त्यांनी फक्त विचारले की शेवटचे गेले कुठे. पान कसे लागते, मजकूर खालून का कापतात, हे मी सांगितले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. “आमीबी टोकाकूनच कापतो, भाऊ,” त्या म्हणाल्या. “पण नस कुठवर आली ते पाहून कापतो.” दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती गेली. ती त्यांनी वाचली आणि पुन्हा फोन केला. “हे कोण वाचन? मुंगीएवढ्या अक्षरात.” पुढच्या पुरवणीत चौकट छापून आली, ठळक मथळ्यात: ससा उताणा करू नका. तिच्यात ताईंनी स्वतःचे नाव घालू दिले नाही. त्या दिवसापासून एक बदल मात्र त्यांच्यातही झाला. येणाऱ्या प्रत्येकाला त्या ही गोष्ट आता आधी सांगू लागल्या, चप्पल काढायच्याही आधी. “माह्यंबी चुकतच होतं,” एकदा त्या म्हणाल्या. “निघता निघता माणूस गाडीची चाबी पाहते, माह्यं ऐकत नाई.”

खरी अडचण पुढे होती. वामनरावांनी ठरवले की सूज उतरली की भुऱ्याला पारशिवनीला पुतण्याकडे देऊन टाकायचे. आपल्या हाताला आता जनावर सोसत नाही, असे ते म्हणत. जेवण कमी झाले होते. सशाकडे पाठ करून बसत. वंदनाने हे ताईंना सांगितले आणि ताई दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी हजर झाल्या.

“पुतण्याकडं मोठं वावर आहे,” वामनराव म्हणाले.

“हाव. अन् कुत्रे?”

“आहेत दोन.”

“रानमांजर?”

“येते कधी कधी.”

“म्हणजे तिकडं दोन कुत्रे अन् एक रानमांजर, इकडं एक म्हातारा. तुमीच सांगा जी, सशानं काय करावं?”

वंदना हसली. वामनराव हसले नाहीत, पण पुतण्याला फोन करायचा तो त्यांनी त्या दिवशी केला नाही. ताई रोज येऊ लागल्या. तोवर चौदा नखे राहून गेली होती आणि बसून बसून वाढत होती. लांब नखांनी पाय टेकवणे आणखी कठीण होते, आणि पाय टेकवल्याशिवाय त्यात जोर येणार नव्हता. म्हणजे कापणे भागच होते. पण माणसाचा हात दिसला की भुऱ्या दगडासारखा होई, डोळे मोठे, नाक स्थिर. ताईंनी पहिले आठ दिवस एकही नख कापले नाही. वामनरावांना कुंपणाशेजारी बसवले, हात जमिनीवर उताणा ठेवायला सांगितला आणि हलवायचा नाही. तळहातावर कोथिंबीर. बाकी काही नाही. नागपूरच्या थंडीत फरशीवर बसून म्हाताऱ्याचे गुडघे धरत, म्हणून वंदनाने खाली सतरंजी टाकली. सहाव्या दिवशी भुऱ्याने कोथिंबीर खाल्ली. आठव्या दिवशी तो खाऊन झाल्यावर तिथेच थांबला.

नवव्या दिवशी ससा वामनरावांच्या मांडीवर दिला गेला. ते तयार नव्हते. “तुमी धरा, ताई. माह्यावर त्याचा भरवसा नाई राह्यला.”

“म्हणूनच तुमी. मी धरलं तर तो माह्यावर भरवसा करन. मी काय त्याले जन्मभर पुरणार आहे?”

त्यांनी एक नख कापले आणि कटर पिशवीत टाकला. वंदना कामावर निघायच्या गडबडीत हे पाहत होती. “ताई, एकच? माह्या वॉर्डात असं चाललं तर दिवसभरात एक पेशंट होईन.”

“तुह्या पेशंटाले बोलता येते वं,” ताई म्हणाल्या. “दुखते म्हणून सांगता येते. ह्याले फक्त गप्प राहता येते. तो गप्प आहे म्हणून बरा आहे, असं समजून मागं काय झालं ते पाह्यलं ना?”

रोज एक नख, असे चौदा दिवस चालले. एकदा संध्याकाळी, राहिलेले उरकून टाकू असे वामनराव म्हणाले आणि वर हेही म्हणाले की आम्ही बौद्ध, आमच्याकडे तिन्हीसांज वगैरे पाळत नाहीत. “मी तरी कुठं पाळते?” ताईंनी उत्तर दिले. “मी उजेड पाळते. सकाळी या.” मला वाटते, त्यांच्या संपूर्ण कामाचे वर्णन या दोन वाक्यांत होते, आणि त्या बोलल्या तेव्हा ते कोणी टिपून घेतले नाही.

फेब्रुवारीत भुऱ्या कुंपणाबाहेर आला. उजवा मागचा पाय थोडा बाहेरच्या बाजूला पडतो, तो तसाच राहिला. पण तो चालतो, आणि कोथिंबिरीच्या काडीसाठी पलंगावर उडी मारतो. वामनराव जेवू लागले. पारशिवनीचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढच्या खेपेला कटर वामनरावांनी धरायचा, असे ताईंनी बजावले होते. ती खेप आली तेव्हा त्यांनी चष्म्याचा नंबर बदलल्याचे कारण दिले. त्यानंतरच्या वेळी हात कापतो म्हणाले. ताईंनी त्यांचा हात पुढे करायला लावला, त्यावर कागद ठेवला, कागद हलला नाही. “हात नाई कापत तुमचा. तुमी कापता,” त्या म्हणाल्या, आणि ती नखे स्वतः कापली. एप्रिलमध्ये, एका सकाळी स्वयंपाकघरात उभ्या असताना, हृदयविकाराच्या झटक्याने त्या गेल्या. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरले नव्हते. मागे पती, मुलगा, सून असा परिवार आहे.

त्यानंतरचे रविवार अवघड होते. लोक टोपल्या घेऊन येत, सून त्यांना सांगे, आणि ते तसेच जिन्यावर थोडा वेळ उभे राहून परत जात. वंदनाने भुऱ्याला रामदासपेठेच्या दवाखान्यात नेऊ म्हणून दोनदा वेळ ठरवली. वामनरावांनी दोन्ही वेळा नकार दिला. गाडीत तो घाबरतो, टेबल गार असते, तिथे कुत्री भुंकतात, अशी तिन्ही कारणे खरी होती. चौथे त्यांनी सांगितले नाही. नखे मात्र वाढतच होती. आधीच वाकडा पडणारा उजवा पाय आता फरशीवर खरखर वाजत घसरू लागला होता. आणखी दोन-तीन आठवडे तसेच गेले असते तर हिवाळ्यात मिळवलेले सगळे गेले असते.

मागच्या सोमवारी त्यांचा फोन आला. “उद्या सकाळी या. साडेसातले. कोणीतरी पाहाले पाहिजे, मंग मी पळत नाई.” मी गेलो. त्यांनी कूलर बंद केला होता. मेअखेरीचे नागपूर, साडेसातलाच अंगाला घाम. गॅलरीत सतरंजी, तिच्यावर टॉवेल, मक्याच्या पिठाची वाटी. कटर नवा होता, त्यांनी स्वतः जाऊन आणलेला. वंदना दारात उभी राहिली आणि भुऱ्या त्यांच्या मांडीवर आला, बूड पोटाला टेकवून.

कटर नखाला लावल्यावर ताई एक अक्षर बोलत नसत, इतरांनाही बोलू देत नसत. वामनरावांना ते जमले नाही. ते बोलतच होते, एका सुरात, सशाच्या कानाशी. “हे पाह्य बापू, हे तुह्यं नख. हे आतलं लाल आहे ना, ते सोडून देऊ. त्याच्याकडं जायचंच नाई आपल्याले. थोडंसंच. माह्या हातून मागं झालं ते झालं... ह्या खेपी नाई होणार. हे पाह्य, उजेड आहे, दिसून राह्यलं सगळं...” भुऱ्याचे नाक हलत होते. मी ते पाहत होतो, कारण ताईंनी पाहायला शिकवले होते ते तेवढेच: नाक हलते आहे तोवर ससा घाबरलेला नाही. कट्ट असा बारीक आवाज झाला. उजव्या मागच्या पायाचे, सर्वांत वाकलेले नख. रक्त नाही.

वामनरावांनी कटर खाली ठेवला. चष्मा काढून पुसला.

“बाबा, बाकीचे?” वंदनाने विचारले.

“उद्या.”

“पण आता तो शांत आहे ना जी.”

“म्हणूनच उद्या,” ते म्हणाले. भुऱ्याला त्यांनी खाली सोडले नाही. तो स्वतःहून उतरेपर्यंत ते बसून राहिले, आणि तो उतरायला बराच वेळ लागला. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “ताई असत्या तर हाकललंच असतं मले. इतकं बोललो मी.”

सशाला अठरा नखे असतात, पुढच्या पंजांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. हा मजकूर लिहून होत असताना वामनरावांचा निरोप आला की आज सकाळी पाचवे झाले. शेजारच्या इमारतीतली एक मुलगी स्वतःचा ससा घेऊन पाहायला आली होती. तिला त्यांनी चप्पल काढायच्या आधी दारातच थांबवले आणि ससा उताणा करायचा नाही, हे आधी सांगितले.